आधी थंड पाणी, मग रुग्णालय : खेळाडूंच्या उष्माघातावरील संशोधनाची पार्श्वभूमी

स्पर्धेत किंवा सरावात उष्माघाताने कोसळलेल्या खेळाडूचा मृत्यू आज जवळजवळ प्रत्येक वेळी टाळता येतो. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत : गुदाशयातील तापमान मोजणारा तापमापक, बर्फाच्या पाण्याने भरलेला टब आणि कोसळल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात ती दोन्ही वापरणारी प्रशिक्षित माणसे. तरीही हा उपचार मैदानावर रुजण्यासाठी अनेक दशके जावी लागली. साधनांची उणीव हे त्याचे कारण नव्हते. खेळाडू नेमका कशाने मरतो याविषयीच्या चुकीच्या कल्पना एकामागून एक आड येत राहिल्या.

धावपटूचे स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत बदलतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल, तर घाम वाळण्याऐवजी नुसता ओघळतो आणि शरीराचे अंतर्गत तापमान चढत राहते. ते 40 ते 40.5 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि त्याबरोबर भान हरपणे, असंबद्ध बोलणे, आक्रमक वागणे किंवा बेशुद्धी अशी मेंदूची लक्षणे दिसली, की त्याला श्रमजन्य उष्माघात म्हणतात. तो तळपत्या उन्हातच होतो असे नाही. भरपूर पाणी प्यायलेल्या, धडधाकट तरुणालाही तो गाठतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी यातले फारसे काही खेळाच्या जगाला ठाऊक नव्हते. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावरून झाली आणि संयोजक जेम्स सुलिव्हन यांनी शरीरावर पाण्याच्या कमतरतेचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी मार्गावर पाण्याची सोय मुद्दाम तुटपुंजी ठेवली. 32 पैकी 14 जणच शर्यत पूर्ण करू शकले. 1912 मध्ये स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉनमध्ये कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखा पदार्थ फासला होता आणि त्यामुळे घामाला वाट उरली नाही, असे सांगितले जाते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीत 38 पैकी 23 धावपटू गळाले. 1954 मध्ये व्हँकुव्हरच्या मॅरेथॉनमध्ये ब्रिटिश धावपटू जिम पीटर्स 17 मिनिटांची आघाडी घेऊन स्टेडियममध्ये शिरला, पुन्हा पुन्हा पडला, उठला, पण अंतिम रेषा गाठू शकला नाही आणि त्यानंतर तो कधीही शर्यतीत उतरला नाही. या घटनांकडे त्या काळी जिद्दीच्या शोकांतिका म्हणून पाहिले गेले, हे मला आजही अस्वस्थ करते. कारण त्याच काळात या आजाराची शास्त्रीय उकल अन्यत्र चालू होती.

ती चालू होती खाणींत आणि सैन्यात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॅल्डेन यांनी 1905 मध्ये दाखवून दिले, की माणूस किती उष्णता सोसू शकेल हे नुसत्या हवेच्या तापमानावर ठरत नाही, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक काय दाखवतो यावर ठरते. हवा जितकी दमट, तितके कापडातले पाणी कमी वाळते आणि ही नोंद चढते. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खोल खाणींत, जिथे दमट उष्म्याने कामगार दगावत होते, तिथे नव्या कामगाराला टप्प्याटप्प्याने उष्म्याची सवय लावण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातील उष्माघाताच्या 125 प्राणघातक प्रकरणांचा अभ्यास 1946 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यातून मेंदू, यकृत व मूत्रपिंड यांना होणाऱ्या इजेचे सविस्तर चित्र प्रथमच समोर आले.

पुढचे पाऊल अमेरिकी मरीन दलाच्या पॅरिस आयलंड या प्रशिक्षण तळावर पडले. तिथे दर उन्हाळ्यात नवे जवान मोठ्या संख्येने आजारी पडत. कॉन्स्टंटिन यॅगलू आणि डेव्हिड मिनार्ड यांनी 1957 मध्ये मांडलेल्या निर्देशांकात ओल्या तापमापकाच्या नोंदीला 70 टक्के, उन्हाची धग टिपण्यासाठी काळ्या गोलात बसवलेल्या तापमापकाच्या नोंदीला 20 टक्के आणि सावलीतील हवेच्या तापमानाला 10 टक्के वजन दिले होते. या वाटणीतूनच आर्द्रता किती निर्णायक असते हे कळते. डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) या नावाने ओळखला जाणारा हाच निर्देशांक आज मॅरेथॉन संयोजकांपासून फुटबॉल महासंघापर्यंत सगळे वापरतात. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकात थंड होण्यासाठीचा विराम याच निर्देशांकाच्या 32 अंशांच्या मर्यादेशी जोडलेला होता.

खेळाच्या जगात मात्र 1960 नंतरची दोन-तीन दशके चर्चा पाण्याभोवती फिरत राहिली. सरावात पाणी पिणे हा दुबळेपणा मानण्याची जुनी समजूत मोडणे गरजेचे होतेच. 1965 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी क्षार व साखर घातलेले पेय तयार केले. 1969 मध्ये विंडहॅम आणि स्ट्रायडम या दक्षिण आफ्रिकी संशोधकांनी मॅरेथॉनमध्ये अपुरे पाणी पिण्याच्या धोक्यावर निबंध लिहिला. 1975 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने लांब पल्ल्याच्या शर्यतींतील उष्णताविकारांवर आपली पहिली अधिकृत भूमिका जाहीर केली. यातून पुष्कळ भले झाले. पण त्याच ओघात ‘पाणी प्यायले की उष्माघात होत नाही’ हा गैरसमजही पक्का झाला. दक्षिण आफ्रिकी संशोधक टिमोथी नोक्स आणि इतरांनी 1985 मध्ये अतिरिक्त पाण्याने रक्तातील सोडियम घसरल्याची प्रकरणे मांडली. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंच्या रक्तचाचण्यांचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांपैकी 13 टक्के धावपटूंमध्ये सोडियम कमी आढळले. सोडियम घसरल्यानेही खेळाडू कोसळतो आणि त्याचे भान हरपते. म्हणून कोसळलेल्या खेळाडूला नेमके काय झाले आहे हे मोजल्याशिवाय उपचार सुरू करणे किती घातक ठरू शकते, हे तेव्हा ध्यानात आले.

खरा वाद उपचाराचा होता. बर्फाच्या पाण्यात बुडवल्यास त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतील, कापरे भरेल आणि उष्णता आतच कोंडली जाईल, असे अनेक वर्षे शिकवले गेले. या मताला 1980 मध्ये बळ मिळाले. मक्केच्या यात्रेकरूंसाठी वायनर आणि खोगाली यांनी अंगावर पाण्याचे सूक्ष्म तुषार आणि कोमट हवेचा झोत सोडणारे यंत्र तयार केले. त्या रुग्णांसाठी ते उपयुक्त होते. पण त्यांतील पुष्कळ जण वयस्क होते, त्यांचा उष्माघात वेगळ्या जातीचा, म्हणजे श्रमापेक्षा बाहेरच्या उष्म्याने झालेला होता आणि तिथला अनुभव तरुण खेळाडूला जसाच्या तसा लावणे चूक होते. ओटावा विद्यापीठात 2003 मध्ये झालेल्या प्रयोगात व्यायामाने तापलेल्या व्यक्तींना वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात बुडवले, तेव्हा 2 अंशांच्या पाण्यात शरीर मिनिटाला सुमारे 0.35 अंशाने थंड झाले आणि 8 ते 20 अंशांच्या पाण्यात तो वेग जेमतेम निम्म्यावर आला. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात हे खरेच आहे, परंतु पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि त्यापुढे त्या आकुंचनाचा अडथळा क्षुल्लक ठरतो.

याचा मैदानावरचा सर्वांत भक्कम पुरावा मॅसॅच्युसेट्समधील फाल्मथ रोड रेसमधून आला. ऑगस्टमध्ये होणारी ही शर्यत जेमतेम 11 किलोमीटरची, त्यामुळे धावपटू ती तीव्र वेगाने धावतात आणि तिथे उष्माघाताचे प्रमाण मोठे असते. अंतिम रेषेजवळच्या वैद्यकीय तंबूत रुग्णाला टबमध्ये उतरवतात. त्याच्या काखेतून चादर घेऊन एक जण डोके पाण्याबाहेर धरून ठेवतो आणि बाकीचे पाणी ढवळत राहतात, कारण स्थिर पाण्यात त्वचेलगत कोमट थर साचतो. तापमान 39 अंशांच्या आसपास आले की रुग्णाला बाहेर काढतात. तेथील 18 वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला : 274 रुग्ण, थंड होण्याचा सरासरी वेग मिनिटाला 0.22 अंश आणि मृत्यू एकही नाही. या वेगाने 41.5 अंशांवरचा रुग्ण बारा मिनिटांच्या आत धोक्याबाहेर येतो. तेवढा वेळ रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात सहज जातो. ‘आधी थंड करा, नंतर रुग्णालयात न्या’ हा आजचा नियम याच हिशेबावर उभा आहे.

तापमान कुठे मोजायचे, हा प्रश्नही असाच रेंगाळला. कपाळ, कान, तोंड किंवा काख येथील नोंदी व्यायामानंतर खऱ्या तापमानापेक्षा कित्येकदा बऱ्याच कमी दिसतात, हे 2000 नंतरच्या तुलनात्मक अभ्यासांनी दाखवले. गुदाशयातील मापन संकोचाचे वाटते खरे, परंतु कानातील यंत्राने 38.5 दाखवले म्हणून 41 अंशांच्या रुग्णाला सावलीत बसवून ठेवले, तर त्या संकोचाची किंमत त्याला प्राणांनी मोजावी लागते.

1 ऑगस्ट 2001 रोजी मिनेसोटा व्हायकिंग्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरातील उष्माघाताने मरण पावला. रुग्णालयात त्याचे तापमान 42.7 अंश भरले होते. या मृत्यूनंतर नियमांना वेग आला. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने 2003 मध्ये हंगामाच्या आरंभी उष्म्याची सवय लावण्याचा कालावधी बंधनकारक केला, 2009 मध्ये शालेय खेळाडूंसाठी 14 दिवसांची मार्गदर्शक पद्धत आली आणि 2010 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात स्ट्रिंगरच्या नावाने संशोधन संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख डग्लस कासा यांना 1985 मध्ये स्पर्धेत धावताना स्वतःला उष्माघात झाला होता. दहा-चौदा दिवसांच्या सवयीने रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. खाणींमधून आलेले हे ज्ञान शाळेच्या मैदानावर पोचायला एवढा काळ लागला. आणि तरीही 2018 मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या एका 19 वर्षांच्या फुटबॉलपटूला सरावात उष्माघात झाला, तेव्हा त्याला थंड पाण्यात बुडवले गेले नाही आणि तो दगावला.

2019 च्या दोहा येथील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू होऊनही 68 पैकी 28 धावपटूंना ती अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडच्या, तुलनेने थंड साप्पोरो शहरात हलवली गेली आणि तिथे गुदाशयातील मापन व बर्फाच्या पाण्याचे टब हा वैद्यकीय तयारीचा नियमित भाग होता.

आता संशोधन रेंगाळले आहे ते वाचलेल्या खेळाडूच्या पुनरागमनापाशी. त्यासाठी इस्रायली सैन्याने विकसित केलेली चाचणी अनेक ठिकाणी वापरली जाते : 40 अंश तापमान आणि 40 टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत, हलक्या चढाच्या ट्रेडमिलवर ताशी 5 किलोमीटर वेगाने दोन तास चालायचे आणि तापमान व हृदयगती कुठे स्थिरावते ते पाहायचे. सैनिकासाठी ठरवलेली ही मंद चाल स्पर्धेत जीव तोडून धावणाऱ्या खेळाडूची परीक्षा म्हणून पुरेशी आहे का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. म्हणून सध्या चाचणीच्या जोडीला रक्तातील यकृत व स्नायूंच्या इजेच्या खुणा पूर्ववत होण्याची वाट पाहिली जाते आणि नंतर सरावाची तीव्रता आठवड्यागणिक वाढवली जाते.