दोराच्या वेढ्यातले चक्रवाढ व्याज

पेनसिल्व्हेनियात राहणारा माझा मावसभाऊ सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याने झाडावर चढण्याचे आपले सगळे सामान सतरंजीवर मांडून दाखवले. आठ मिलिमीटर जाडीचा एक लांब दोर, सहा मिलिमीटरच्या दोरीचे दोन फास, चार-पाच कड्या आणि कमरेपासून मांड्यांपर्यंत बसणारा झोळीसारखा पट्ट्यांचा साज, एवढ्यावर तो जमिनीपासून पाच-सहा मीटर उंच झाडाला तासन् तास लटकून बसतो. मावशीने तो दोर बोटांत धरून पाहिला आणि विचारले, "एवढीशी दोरी, तुटली म्हणजे रे?" हा प्रश्न कोणालाही पडेल असाच आहे. परंतु दोर तुटण्याची भीती येथे बहुतांशी चुकीच्या जागी आहे. खरा प्रश्न दोर तुटेल का हा नसून दोर धरून ठेवेल का हा आहे.

अमेरिकेत या प्रकाराला सॅडल हंटिंग म्हणतात. शरद ऋतूत धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणारे लोक लोखंडी मचाण पाठीवर वाहून नेण्याऐवजी साज कमरेला बांधतात आणि खोडाभोवती बांधलेल्या दोराला लटकून, पाय खोडावर किंवा छोट्या फळीवर टेकवून बसतात. तेथील अनेक राज्यांत सार्वजनिक जंगलातील झाडांना खिळे किंवा स्क्रू ठोकण्यास मनाई असल्यामुळे, आणि बरेचदा सगळे सामान दोन-तीन किलोमीटर चालत न्यावे लागत असल्यामुळे, झाडाला इजा न करणाऱ्या हलक्या दोरांच्या पद्धती तेथे झपाट्याने विकसित झाल्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मला या विषयात रस आहे तो शिकारीमुळे नव्हे, तर या दोरांमध्ये दडलेल्या भौतिकशास्त्रामुळे.

आधी मावशीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. युरोपातील ईएन ५६४ या मानकानुसार ८ मिलिमीटर जाडीच्या, गिर्यारोहणात साहाय्यक म्हणून वापरल्या जाणाऱ्या दोरीने किमान १२.८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १,३०० किलो वजनाइतका ताण सोसला पाहिजे. ६ मिलिमीटरच्या दोरीसाठी हा आकडा ७.२ किलोन्यूटन आहे. गाठ मारल्यावर दोराची ताकद बरीच घटते हे धरले, तरी ८० किलोच्या माणसाला शांतपणे लटकण्यासाठी ती पुष्कळ उरते. विक्रेते वेष्टनावर हाच किलोन्यूटनचा आकडा ठळक छापतात, आणि जेवढा आकडा मोठा तेवढा दोर सुरक्षित, असा समज करून देतात. हा समज नुसता अपुरा नाही, तो दिशाभूल करणारा आहे. सर्वांत ताकदवान धाग्यांपैकी एक धागा गाठीला मुळीच दाद देत नाही, हे पुढे दिसेल.

कोकणातल्या कोणत्याही धक्क्यावर लाँच लागताना पाहावे. खलाशी दोर फेकतो, धक्क्यावरचा माणूस तो खुंटाभोवती दोन वेढे घालून टोक नुसते हातात धरतो, आणि लाटांवर हिसके देणारी ती अवजड लाँच एका माणसाच्या हाताने थांबते. हे कसे घडते, याचा हिशेब लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडला आणि १८०८ मध्ये योहान आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याने तो पुन्हा मांडून अभियंत्यांच्या वापरात आणला.

खुंटाला टेकलेल्या दोराचा एक अगदी लहान तुकडा घ्या, एका अंशाच्या कोनाएवढा. दोर ताणलेला आणि किंचित वळलेला असल्यामुळे हा तुकडा खुंटाला दाबतो, आणि जेवढा ताण अधिक तेवढा दाब अधिक. दाब आहे म्हणून घर्षण आहे, आणि घर्षण आहे म्हणून तुकड्याच्या एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकापेक्षा थोडा अधिक असू शकतो. घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळते तो आकडा, ०.३ धरला तर ही वाढ प्रत्येक अंशामागे सुमारे अर्धा टक्का येते. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण पुढच्या अंशावरचा अर्धा टक्का मूळ ताणावर नव्हे, तर वाढलेल्या ताणावर मोजला जातो, आणि हेच चक्रवाढ व्याज आहे. सरळ व्याज असते तर दोन पूर्ण वेढ्यांनंतर दोन्ही टोकांच्या ताणांचे गुणोत्तर पाचाच्याही आत राहिले असते. चक्रवाढीने ते अर्ध्या वेढ्याला २.६, एका वेढ्याला ६.६, दोन वेढ्यांना ४३ आणि तीन वेढ्यांना २८६ होते. लाँच ३०० किलोच्या जोराने ओढत असेल, तर दोन वेढ्यांनंतर धक्क्यावरच्या माणसाच्या हाताला सात किलोच जाणवतात.

या सूत्रात खुंटाची जाडी कोठेच येत नाही. जाड खुंटावर दोर जास्त लांबीवर टेकतो, पण तेवढाच सौम्य दाबतो, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना नेमक्या रद्द करतात. उरतात दोनच गोष्टी, घर्षणांक आणि एकूण वळण, आणि त्यांचाही नुसता गुणाकार. दोर ओला होऊन किंवा त्यावर हिम साचून घर्षणांक ०.३ वरून ०.२ झाला, तर दोन वेढ्यांचे गुणोत्तर ४३ वरून १२ वर कोसळते. मात्र त्यावर एक वेढा वाढवला की ते पुन्हा ४३ होते, कारण ०.३ गुणिले दोन आणि ०.२ गुणिले तीन यांचे उत्तर एकच आहे. नोव्हेंबरच्या गारठ्यात जुने जाणकार गाठीला एक वेढा जास्त घेतात, त्यामागे हेच गणित आहे.

आता खुंटाच्या जागी दुसरा दोर ठेवा. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी गाठ म्हणजे जाड दोराभोवती बारीक दोरीच्या फासाचे वेढे. मी ती गॅलरीच्या गजाला दोर बांधून अनेकदा मारून पाहिली आहे. ताण नसताना वेढे नीट शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि अंगठ्याने सहज वर सरकतात. फासाला वजन दिले की मधले वेढे किंचित तिरके होतात, मुख्य दोराला त्या जागी लहानशी कंबर पडते, आणि मग दोन्ही हातांनी ओढूनही गाठ हलत नाही. मला सर्वांत सुंदर वाटते ते हे, की गाठीची पकड माणसाच्या वजनावरच पोसलेली असते. वजन दुप्पट झाले की दाब दुप्पट होतो आणि घर्षणही दुप्पट. म्हणून दहा किलोला नीट धरणारी गाठ तत्त्वतः शंभर किलोलाही धरते, आणि दहा किलोला घसरणारी गाठ कितीही ताकदवान दोरीची असली तरी घसरतेच.

हलकेपणाची सीमा येथेच ठरते. दोराचे वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे ११ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरचा दोर घेतला की वजन जवळजवळ निम्मे होते. परंतु गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक असल्याशिवाय ती घट्ट कवळत नाही, म्हणून मुख्य दोर ८ चा केला की गाठ ६ किंवा त्याहून कमी जाडीची करावी लागते आणि तिची ताकदही वर्गाच्याच नियमाने खाली येते. मग डायनिमासारखा अतिशय ताकदवान धागा वापरावा, असे सुचते. पण त्याचा घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो. तीन वेढ्यांनंतरही गुणोत्तर ६.६, म्हणजे ०.३ घर्षणांकाच्या नायलॉनच्या एका वेढ्याएवढेच. म्हणूनच हा धागा बहुधा दोराच्या गाभ्यात असतो आणि बाहेरचे आवरण पॉलिएस्टरचे किंवा अरामिडचे (केव्हलारच्या जातीच्या धाग्याचे) असते.

प्रत्यक्ष चढण्याच्या पद्धती मी थोडक्यात सांगतो. एका पद्धतीत खोडाभोवती दोन दोर असतात. एकाला माणूस लटकतो, दुसऱ्याच्या फासात पाय असतो, आणि सुरवंटासारखे आळीपाळीने दोन्ही वर सरकवत जायचे. दुसऱ्या पद्धतीत वजनाची छोटी थैली बांधलेली सुतळी फांदीवरून फेकून, तिच्यामागे दोर ओढून घेऊन, त्या दोरावर चढायचे. दोराचे एक टोक साजाला बांधून, दुसरी बाजू गाठीने साजाला अडकवून हाताने ओढली, तर वजन दोन्ही बाजूंत वाटले जाऊन निम्म्या जोरात वर जाता येते, असे पाठ्यपुस्तकातल्या कप्पीवरून वाटते. पण फांदी ही कप्पी नव्हे, तो न फिरणारा खुंट आहे. अर्ध्या वेढ्याचे २.६ हे गुणोत्तर येथे चढणाऱ्याच्या विरुद्ध काम करते आणि निम्म्याऐवजी वजनाच्या ७२ टक्के जोर लावावा लागतो, तोही एक मीटर चढण्यासाठी दोन मीटर दोर ओढून. लटकून विसावा घेताना मात्र तेच घर्षण बाजू बदलते आणि गाठीवरचा भार २८ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो. दोर फांदीवरून नेऊन बुंध्याला बांधला असेल, तर फांदीच्या दोन्ही बाजूंना पुरता ताण येऊ शकतो आणि ८० किलोच्या माणसासाठी फांदीवर सुमारे १६० किलोचा भार पडू शकतो. फांदी निवडताना हा दुप्पट आकडा धरावा लागतो.

चढताना उंचीच्या रूपात साठलेली सगळी ऊर्जा उतरताना उष्णता होऊन बाहेर पडते. ८० किलो वजन सहा मीटर खाली येते तेव्हा सुमारे ४,७०० ज्यूल मोकळे होतात. इंग्रजी आठच्या आकाराच्या शंभर ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या कडीतून उतरले आणि सगळी उष्णता तिच्यातच राहिली, तर ती सुमारे ५० अंशांनी तापेल, एवढेच. परंतु गाठीवरूनच घसरत उतरले, तर दोराला टेकलेली नायलॉनची दोरी जेमतेम दहा ग्रॅम असते. सगळी उष्णता तिच्यात साठली तर तापमान २७० अंशांहून अधिक वाढेल, आणि साधे नायलॉन सुमारे २२० अंशांना वितळते. डायनिमा तर १४५ अंशांच्या आसपासच वितळतो. अरामिड वितळत नाही, ते ५०० अंशांच्या सुमारास करपते. सावकाश उतरले तर उष्णतेला दोरात आणि हवेत जाण्यास वेळ मिळतो. भरभर उतरले तर मिळत नाही.

मावसभावाची एक सहा मिलिमीटरची नायलॉनची दोरी मी भिंगाखाली धरली, तेव्हा वेढ्याच्या आतल्या बाजूला नखाएवढा भाग चमकत होता आणि बोटाला काचेसारखा कडक लागत होता. तेथले तंतू एकदा वितळून पुन्हा गोठले होते. असा भाग वाकत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तो दोराला कवळत नाही, आणि ताणाखाली तो इतर भागाच्या आधी तडकतो. त्याने कात्री मागितली आणि कोणी चुकून ती दोरी पुन्हा वापरू नये म्हणून तिचे वीतभर लांबीचे तुकडे केले.