शॉक बसलाय, पण हवा गेलेली नाही

भाचा लळिंगच्या टेकडीवरून उतरून आला तेव्हा त्याची सायकल मागून खाली बसलेली होती. सीटवर कुणी नाही, तरी मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारं नळकांडं, निम्म्याहून जास्त आत. हाताने वर ओढला तरी हलेना. आमच्या धुळ्यात अशा फुल सस्पेन्शनच्या (पुढेमागे दोन्हीकडे धक्के झेलणाऱ्या) सायकली अजून मोजक्याच आहेत, त्यामुळे दुकानात गर्दी जमली. "काय व्हयनं रे भाऊ?" करत प्रत्येक जण वाकून बघत होता. मेकॅनिकने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स झालं आणि शॉक आणखी आत गेला. मग त्याने पंप लावून 250 पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) हवा भरली. शॉक थोडा उठला, भाच्याने गल्लीत एक फेरी मारली, आणि तो पुन्हा खाली. निदान झालं : "व्हॅक्यूम धरलंय याने. गेला हा. नवीन टाका."

नव्या शॉकची किंमत ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र त्या "व्हॅक्यूम" शब्दाने स्वस्थ बसू दिलं नाही, कारण शाळेतलं विज्ञान एवढं आठवत असेल तरी तो खोटा ठरतो. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. या शॉकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ अंदाजे 10 चौरस सेंटिमीटर धरा. आत अगदी परिपूर्ण निर्वात पोकळी असली, तरी ती पिस्टनला जास्तीत जास्त 10 किलोच्या जोराने धरून ठेवील. दहा किलो म्हणजे पाण्याची अर्धी बादली. आम्ही शॉक सायकलवरून सोडवला, दोन टोकं दोघांनी धरून ओढली, तरी तो रेसभर हलला नाही. म्हणजे आत पोकळी नव्हती. आत काहीतरी दाबून बसलं होतं.

ते काय, हे समजायला शॉकच्या पोटात डोकवावं लागतं. हवेचा शॉक म्हणजे एक बंद डबा आणि त्यात सरकणारा पिस्टन. पिस्टनच्या एका बाजूची हवा शॉकला बाहेर ढकलते, हा पॉझिटिव्ह कप्पा. पंपाने आपण भरतो तो हाच. दुसऱ्या बाजूला छोटा निगेटिव्ह कप्पा असतो आणि तिथली हवा शॉकला आत ओढते. मुद्दाम उलटं काम करणारी हवा कशाला ठेवायची? कारण नुसत्या पॉझिटिव्ह हवेवर शॉक सुरुवातीला दगडासारखा कडक लागेल, बारीक खडी सगळी कमरेला जाणवेल. निगेटिव्ह हवा तो पहिला कडकपणा खोडून काढते. दोन्ही कप्प्यांना जोडणारी एक छोटी खाच डब्याच्या आतल्या भिंतीत कोरलेली असते. शॉक जवळपास पूर्ण लांब झाला की पिस्टनचं सील, म्हणजे हवा अडवणारं रबराचं कडं, त्या खाचेवर येतं, आणि क्षणभर दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

आता आकडे घालू. दोन्हीकडे 180 पीएसआय आहे. हा झाला गेजवर, म्हणजे दाबमापकावर, दिसणारा दाब. वातावरणाचे सुमारे 15 मिळवले की खरा दाब 195. चाक खड्ड्यात गेलं, शॉक दबला, निगेटिव्ह कप्पा समजा पाचपट मोठा झाला. बॉईलने 1662 मध्ये सांगितलेला नियम लावा : 195 भागिले 5, म्हणजे 39. त्याच क्षणी पलीकडे पॉझिटिव्ह कप्पा लहान होऊन तिथला दाब दुपटीच्या आसपास जातो. एका बाजूला चारशेच्या घरात, दुसऱ्या बाजूला चाळीस, आणि मध्ये फक्त रबराचं एक कडं! डोंगर उतरताना हे मिनिटाला कित्येक वेळा होतं.

त्या कड्याला कुठे बारीकशी चीर गेली, तर हवा पॉझिटिव्हकडून निगेटिव्हकडे घुसते. मग ती परत का येत नाही? जशी गेली तशी यायला हवी. इथेच मला हे यंत्र फार आवडतं. जुन्या सायकल पंपातलं चामड्याचं वॉशर आठवा. दांडा खाली दाबला की वाटीची कड फुगून नळीला घट्ट चिकटते, हवा अडते. दांडा वर ओढला की तीच कड सैल पडते आणि बाजूने हवा आत येते. फाटलेली रबराची कडही तशीच वागू शकते. एका दिशेने दाब आला की वाकून वाट देते, उलट दिशेने आला की भिंतीला चिकटते. प्रत्येक धक्क्याला थोडी हवा चुकीच्या खोलीत जाते आणि तिथेच कोंडते. आता शॉक लांब व्हायला गेला की निगेटिव्ह कप्पा आकसतो, दाब चढतो, आणि पिस्टन त्या खाचेपर्यंत पोहोचतच नाही. सुटकेची एकमेव वाट बंद. आत 150 पीएसआय जरी कोंडला असला, तरी वरच्याच 10 चौरस सेंटिमीटरच्या हिशेबाने तो शंभरेक किलोचा जोर झाला. दोघांच्या हातांना कसा दाद देईल?

मेकॅनिकने हवा सोडल्यावर शॉक आणखी का बसला, तेही आता उलगडतं. व्हॉल्व्ह फक्त पॉझिटिव्ह कप्प्याला आहे. त्याने बाहेर ढकलणारी हवा काढली आणि आत ओढणारीला रान मोकळं करून दिलं.

म्हणून शॉक बसलेला दिसला की आधी गेज लावून बघा. गेज शून्य दाखवतंय आणि शॉक हाताने सहज आतबाहेर होतोय, तर हवा बाहेर गळली आहे. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, बहुधा व्हॉल्व्ह नाहीतर बाहेरचं सील निघेल. पण शॉक आत अडकलाय आणि ओढून येत नाही, तर गेज काहीही दाखवो, हवा आत कोंडली आहे. असा शॉक घरी कृपा करून उघडू नका. डब्याचे आटे सुटताक्षणी तो बंदुकीच्या गोळीसारखा उडू शकतो. हात, दात, डोळा काहीही जाईल. हे काम योग्य हत्यारं असलेल्या सर्व्हिस सेंटरचंच.

पंपाबद्दल एक गैरसमज इथेच काढतो. काल 180 भरले, आज पंप लावला तर 160 दिसले, म्हणजे गळती आहे, असं नाही. शॉकमधली जागा इतकी लहान असते की पंपाची नळी भरण्यातच तेवढी हवा खर्च होते. काढताना होणारा फुस्स आवाजही बहुतेक वेळा नळीतल्या हवेचाच असतो. आणि आपल्या खानदेशात उन्हाचं गणित वेगळं मांडावं लागतं. मे महिन्यात पहाटे 25 अंशांना 180 भरलेला शॉक दुपारी 45 अंशांना 193 च्या आसपास दाखवतो, कारण हवेचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. दाब नेहमी ज्या वेळी सायकल चालवणार त्याच वेळी तपासा. भरताना 50-50 पीएसआयच्या टप्प्याने भरा आणि दर टप्प्याला शॉक हळूहळू दहाएक वेळा दाबा, म्हणजे खाचेतून निगेटिव्ह कप्पाही भरतो.

दाबताना फचफच आवाज येत असेल आणि सायकल घोड्यासारखी उसळत असेल, तर दोष हवेत नाही, तेलात आहे. शॉकच्या आत वेगळ्या नळीत तेल बारीक छिद्रांतून जाऊन धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलतं. तेलात बुडबुडे झाले की ते छिद्रांतून अडखळत नाही, सुळकन निघून जातं. यावर क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने 1950 च्या दशकात तोडगा काढला : तेलामागे एक तरंगता पिस्टन आणि त्यामागे दाबाखाली नायट्रोजन. सोड्याची बाटली बंद असेपर्यंत बुडबुडे येत नाहीत, तेच तत्त्व. इथे नायट्रोजनला खरं काम आहे, कारण तो कोरडा असतो आणि तेलाशी प्रक्रिया करत नाही. पण म्हणून सायकलच्या ट्यूबमध्ये किंवा शॉकच्या हवेच्या डब्यात पैसे मोजून नायट्रोजन भरायला सांगतात, त्याला भुलू नका. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे, आणि उन्हात दाब वाढण्याचा नियम दोघांना सारखाच लागू होतो.

खट्-खट् आवाज मात्र शॉकचा नसतोच बहुधा. सीट धरून सायकल जराशी उचला-टेकवा आणि शॉकच्या बोल्टवर बोट ठेवा. बोटाखाली ढिलाई जाणवली तर बुश (बोल्टभोवतीचं बारीक कडं) झिजलंय, ते स्वस्तात बदलतं.

भाच्याचा शॉक पुण्याला पाठवला. परत आला तो नव्या सील किटसह, आणि सोबत जुनं सील एका प्लास्टिकच्या पिशवीत. भिंगाखाली धरलं तेव्हा त्याच्या कडेला नखाएवढीही नाही अशी चीर दिसली, आणि त्या चिरेत माती भरलेली. दर रविवारी टेकडीवरून आलं की तो गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने सायकल धुवायचा, पाण्याचा झोत थेट शॉकवर. आता ओल्या फडक्याने पुसतो. सील त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.