एका दिवसात तुर्की क्रॉइत्सबर्ग: पार्श्वभूमी

बर्लिनला जाणाऱ्याला हल्ली तिथल्या क्रॉइत्सबर्ग या तुर्की वस्तीच्या भागातली एक खाद्यफेरी हमखास सुचवली जाते. सकाळी कोटबुसर टोर स्थानकावर उतरायचे, सिमित, म्हणजे तिळाचा गोल पाव, आणि छोट्या काचेच्या पेल्यातला चहा घ्यायचा. वार मंगळवार किंवा शुक्रवार असेल तर कालव्याकाठी मायबाखउफरच्या बाजारात जाऊन तव्यावरची ग्योझलेमे, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, खायची. मग कुठल्यातरी रांगेत उभे राहून डोनर, संध्याकाळी कोळशाच्या शेगडीसमोर अदाना कबाब आणि वर गरम क्युनेफे, म्हणजे चीजचा पाकातला गोड पदार्थ. पोटाने साथ दिली तर हे सगळे एका दिवसात, पायी उरकते. एवढी दुकाने एवढ्याशा जागेत कशी, असे विचारले की ‘तुर्की लोक एकमेकांना धरून राहतात’ असे उत्तर मिळते. ते फार तर अर्धे खरे आहे. या माणसांनी कुठे राहायचे आणि काय विकायचे, हे बराच काळ पासपोर्टातले शिक्के ठरवत होते.

डोनरची, म्हणजे उभ्या फिरत्या सळीवर मांस भाजून त्याचे काप काढण्याची, पद्धत उस्मानी साम्राज्यात १९ व्या शतकात रुळली. बुर्सा आणि कास्तामोनू ही दोन्ही शहरे तिच्यावर हक्क सांगतात. ते भांडण त्यांचे त्यांनी निस्तरावे. क्रॉइत्सबर्गपुरते बोलायचे तर गोष्ट सुरू होते १९६१ पासून. त्या वर्षी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला, हे सर्वांना माहीत आहे. पण पश्चिम बर्लिनची निकड वेगळी होती. त्याच ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून रोज कामाला येणारी हजारो माणसे रातोरात यायची थांबली. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यांनी तुर्कस्तानातून माणसे आणली, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. राहणे कंपनीच्या वसतिगृहात, स्वयंपाक सामाईक ओट्यावर. वांगी, ऑलिव्ह, बुलगुर (गव्हाचा दलिया), मेंढीचे मांस सहज मिळत नव्हते आणि लसणाच्या वासावरून बोलणी मात्र खावी लागत होती.

नोव्हेंबर १९७३ मध्ये जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबवली. आकडा घटावा हा हेतू, घडले उलटे. एकदा गेलो तर परत येता येणार नाही हे कळल्यावर लोकांनी जाण्याऐवजी कुटुंबेच बोलावून घेतली. वसतिगृह सुटले, घर आले, आणि घराला वाणी, खाटीक, भाजीवाला लागतोच.

घर मिळाले ते क्रॉइत्सबर्गच्या पूर्वेकडच्या भागात, कारण तिथे दुसऱ्या कुणाला राहायचे नव्हते. तीन बाजूंना भिंत. ओरानियनप्लात्सवरून द्रुतगती मार्ग नेण्याचा आराखडा असल्यामुळे जुन्या चाळी पाडायच्या ठरल्या होत्या. मालक दुरुस्ती करत नव्हते. पाडकाम होईपर्यंतचे भाडे सुटावे म्हणून परदेशी भाडेकरू ठेवत होते. तळमजल्यावरची जर्मन दुकाने ओस पडली होती. सत्तरच्या दशकात तो रस्ता रद्द झाला, पुढे ऐंशीच्या दशकात पाडण्याऐवजी सांभाळून दुरुस्ती करण्याचे धोरण आले, आणि तात्पुरते राहायला आलेले लोक तिथेच रुजले.

यात पहिला शिक्का पडला १ जानेवारी १९७५ ला. क्रॉइत्सबर्ग, टियरगार्टन आणि वेडिंग या तीन विभागांत परदेशी माणसांची दाटी झाली, असे शहर प्रशासनाने ठरवले आणि तिथे नव्याने राहायला जाण्यास मनाई करणारी नोंद परदेशी लोकांच्या निवास परवान्यावर होऊ लागली. दशक संपेपर्यंत नव्हे, जवळजवळ भिंत पडेपर्यंत ही बंदी कागदावर राहिली. तिचा बचाव करणारे म्हणत की शाळा आणि घरे यांवरचा ताण वाटला जावा एवढाच उद्देश होता. पण ज्या मालकांनी घरे सडू दिली त्यांच्यावर असा शिक्का कधी बसला नाही, हेही नोंदवायला हवे.

दुसऱ्या शिक्क्याची चर्चा कमी होते, खाण्याच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा. बहुतेकांच्या परवान्यावर ‘स्वतंत्र व्यवसायास परवानगी नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असे. म्हणजे कारखान्यात राबा, पण गाळा उघडू नका. त्यातून वाट निघाली ती ओळखीच्या जर्मन माणसाच्या नावावर दुकान काढण्याची. परवाना त्याचा, भांडवल आणि मेहनत आपली. सुरुवातीची अनेक दुकाने अशीच चालली, त्यामुळे कोणते दुकान कुणी, कधी सुरू केले हे कागदांवरून सिद्ध करणे अवघड जाते.

‘पहिला डोनर कुणाचा’ हा वाद म्हणूनच मिटत नाही. १९७२ मध्ये पश्चिम बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या स्थानकापाशी पावात घालून विकणाऱ्या एका गृहस्थाला डोनर व्यावसायिकांच्या संघटनेने २०११ मध्ये गौरवले. २०१३ मध्ये ते वारले. आदालबर्टश्ट्रासेवरच्या एका उपाहारगृहाचे मालक १९७१ सांगतात. दक्षिण जर्मनीतल्या रॉइटलिंगनचा दावा १९६९ चा आहे. गंमत अशी, की पर्यटक ज्याला क्रॉइत्सबर्गचा पदार्थ समजून खातात, त्याचा सर्वांत गाजलेला दावेदार क्रॉइत्सबर्गचा नाहीच.

नाव कुणाचे हा प्रश्न अलीकडे ब्रुसेल्सपर्यंत गेला. एप्रिल २०२२ मध्ये तुर्कस्तानातल्या एका महासंघाने युरोपीय संघाकडे अर्ज केला, की डोनरला ‘हमीप्राप्त पारंपरिक पदार्थ’ हा दर्जा द्यावा. बातम्यांनी याचे ‘तुर्कस्तान जर्मनीकडून डोनर हिसकावणार’ असे करून टाकले. हापूसच्या भौगोलिक मानांकनात जमीन ठरलेली असते. हा दर्जा तसा नाही. तो गावाशी नव्हे, कृतीशी बांधलेला असतो, नेपल्सच्या पिझ्झाला आहे तसा. ठरलेली कृती पाळली तर बर्लिनमध्येही तेच नाव वापरता आले असते. खरी अडचण त्या कृतीत होती. अर्जानुसार गोवंशाचे मांस किमान १६ महिन्यांच्या जनावराचे हवे होते, आणि काप ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे. म्हणजे बर्लिनमध्ये सर्रास चालणारे कोवळ्या वासराचे मांस बाद, टर्की पक्ष्याचेही बाद. शिवाय जर्मनीचे स्वतःचे नियम आहेतच: तिथल्या डोनरमध्ये ६० टक्क्यांपर्यंत खिमा चालतो, त्याहून जास्त असेल तर फक्त ‘फिरत्या सळीवरचे मांस’ असे लिहून विकावे लागते.

एप्रिल २०२४ मध्ये अर्ज प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात जर्मन राष्ट्राध्यक्ष इस्तंबूलच्या दौऱ्यावर बर्लिनहून ६० किलोंचा डोनर घेऊन गेले आणि त्यावरून टिंगल झाली, तुर्कस्तानात आणि जर्मनीतल्या तुर्की घरांतही. तुर्की स्थलांतरितांच्या साठ वर्षांच्या कष्टांचा सन्मान एका सळीत गुंडाळला म्हणून. जुलैत मुदत संपायच्या आत जर्मनीने आक्षेप नोंदवला. तेव्हाचे कृषिमंत्री स्वतः तुर्की स्थलांतरितांच्या घरातले. प्रत्येकाने डोनर कसा करायचा आणि कसा खायचा हे स्वतः ठरवावे, असा त्यांचा रोख होता. वाटाघाटी फिसकटल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अर्ज मागे घेतला गेला. बर्लिनच्या दुकानदारांनी सुटकेचा श्वास टाकला, ते रास्तच. ज्यांना आधी दुकान काढायची परवानगी नव्हती, त्यांना पन्नास वर्षांनी दुसऱ्या देशातून पाककृती शिकवली जात होती. अर्थात मांसाच्या दर्जाचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. स्वस्त डोनरमध्ये काय असते याची शंका बर्लिनकरांनाही असते.

स्वस्तही आता कुठे राहिला म्हणा. २०२४ मध्ये एका डाव्या पक्षाने डोनरचा भाव सरकारी अनुदानाने ४.९० युरोवर रोखावा अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही.

१९८९ मध्ये भिंत पडल्यावर पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांना मिळणारी अनुदाने आटली, नोकऱ्या गेल्या आणि डोनरची गाडी हा अनेकांचा नाइलाजाचा धंदा झाला. कडेला पडलेले क्रॉइत्सबर्ग अचानक शहराच्या मध्यावर आले. २०१५ मध्ये व्रांगेलश्ट्रासेवरच्या एका तुर्की कुटुंबाच्या भाजीच्या दुकानाला जागा सोडण्याची नोटीस आली, तेव्हा शेजारी आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर जमले. नोटीस मागे घेतली गेली. पुढे मालकाच्या तब्येतीमुळे दुकान बंदच झाले. तुर्कस्तानातल्या २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर इस्तंबूल-अंकाराहून शिकलेला, वेगळ्या चवीचा वर्ग आला. लांबलचक न्याहारीच्या जागा आणि मेझे (छोट्या थाळ्या) आणि राकी (बडीशेपेच्या चवीची दारू) यांची उपाहारगृहे वाढली ती मुख्यत्वे त्यांच्या येण्यानंतर. या फेरीत ज्याला सरसकट तुर्की म्हटले जाते त्यातले बरेच मालक कुर्द आहेत, तेही विसरू नये. आणि मायबाखउफर कारभारापुरते शेजारच्या नॉयकॉल्न विभागात मोडते. तिथून पुढे झोनेनआले या रस्त्याला लागलात की खाणे अरबी झाले.

शाकाहारी वाचकांसाठी एक खुलासा. मेरिंगडाम रस्त्यावरच्या प्रसिद्ध रांगेतला ‘भाजी कबाब’ म्हणजे तळलेल्या भाज्यांसह कोंबडीचा डोनर. बिनमांसाचा हवा तर तसे स्पष्ट सांगावे लागते. त्यापेक्षा मसुराचे सूप, चीजचे ब्योरेक (पापुद्र्यांची भरलेली खारी) आणि बाजारातली ग्योझलेमे यांवर दिवस सहज निघतो. दुकानांची यादी मात्र ताजीच घ्यावी: राहत्या घरांच्या भाड्याला जर्मनीत कायद्याचा काही आधार आहे, दुकानाच्या गाळ्याला तसा नाही, आणि करार संपला की चाळीस वर्षांचा भटारखानाही हलतो.