पेल्व्हिक लायपोमॅटोसिस

पेल्व्हिक लायपोमॅटोसिस हा ओटीपोटाच्या तळाशी, श्रोणीच्या हाडांच्या कड्यात, मूत्राशय आणि गुदाशय यांच्याभोवती पक्व चरबी अवाजवी साठत जाण्याचा दुर्मीळ विकार आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ही चरबी शरीरातल्या इतर चरबीसारखीच दिसते. फार तर तिच्यात तंतू आणि दाहाच्या खुणा आढळतात. तिला गाठीसारखे वेष्टण नसते आणि ती कर्करोगाप्रमाणे शेजारच्या अवयवांत घुसत नाही. तिचा त्रास होतो तो जागेच्या अडचणीमुळे. पोटावरची चरबी पुढे सुटू शकते, पण श्रोणीत सभोवार हाड असल्याने चरबी वाढली की मऊ भिंतींच्या अवयवांनाच दबावे लागते आणि मोकळ्या असलेल्या एकमेव दिशेला, म्हणजे वर, सरकावे लागते.

एंगेल्स यांनी 1959 मध्ये श्रोणीत अर्बुद (गाठ) असल्याचा भास निर्माण करणाऱ्या क्ष-किरणचित्रांचे वर्णन केले आणि 1968 मध्ये फॉग व स्माइथ यांनी या विकाराला आजचे नाव दिले. तो मुख्यतः मध्यमवयीन पुरुषांत आढळतो. स्त्रियांत फारच क्वचित. कारण निश्चित झालेले नाही. स्थूलतेशी त्याचा संबंध जोडला जातो, परंतु सडपातळ व्यक्तींतही तो दिसत असल्याने केवळ वजनावर बोट ठेवून भागत नाही.

चरबी प्रत्यक्ष दाखवू शकणारी साधने येण्यापूर्वी निदान अप्रत्यक्ष खुणांवरून होत असे. साध्या एक्स-रेमध्ये श्रोणीचा भाग नेहमीपेक्षा काळसर दिसतो, कारण चरबी क्ष-किरण कमी अडवते. शिरेतून क्ष-किरणांत उठून दिसणारे औषध देऊन काढलेल्या मूत्रमार्गाच्या चित्रात मूत्राशय गोल न राहता लांबट होऊन वर उचललेला दिसतो. त्याचा तळ दोन्ही बाजूंनी चेपलेला आणि माथा फुगीर असल्यामुळे तो देठ खाली करून धरलेल्या दुधी भोपळ्यासारखा भासतो. मूत्रवाहिन्यांचे, म्हणजे मूत्रपिंडांतून मूत्राशयात मूत्र आणणाऱ्या नळ्यांचे, खालचे टोक मध्यरेषेकडे ओढले गेलेले असते. बेरियम एनिमामध्ये (गुदद्वारातून बेरियम सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये) गुदाशय सरळ, अरुंद नळीसारखा दिसतो आणि त्याच्या व माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या मधले अंतर वाढलेले असते. मात्र असाच चेपलेला मूत्राशय श्रोणीत रक्त साकळल्यास किंवा लसीकाग्रंथी वाढल्यासही दिसतो, म्हणून आकारावरून निदान करणे धोक्याचे होते.

सीटी स्कॅनने ही अडचण बरीचशी दूर केली. या तपासणीत पाण्याची घनता शून्य धरली जाते, तर चरबीची साधारणतः उणे 50 ते उणे 150 हाउन्सफील्ड एकके (सीटीवरील घनतेचे माप) येते. त्यामुळे अवयवांना दाबणारा पदार्थ कोणता, हे थेट मोजता येते. एमआरआयमध्ये टी-1 नावाच्या प्रकारच्या चित्रांत ही चरबी उजळ दिसते आणि चरबीचा संकेत दाबणाऱ्या चित्रांत काळी पडते. जाड पडदे किंवा चरबीपेक्षा घन भाग दिसले, तर सुभेदित लायपोसार्कोमाची (सामान्य चरबीसारख्या दिसणाऱ्या, चरबीच्या कर्करोगाची) शंका घेऊन ऊतीचा तुकडा तपासावा लागतो. सोनोग्राफी मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला पुरेशी असते. चरबीचा विस्तार ठरवायला ती अपुरी पडते.

गुंतागुंतींत सर्वांत गंभीर म्हणजे मूत्रवाहिन्यांचा अडथळा. मूत्र मागे तुंबून मूत्रपिंड फुगते, आणि ज्याला रुग्ण व डॉक्टर दोघेही ‘किडनीला सूज’ म्हणतात ती अवस्था येते. दोन्ही बाजूंना ती हळूहळू वाढत असल्यास फारसे न दुखताच मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि वारंवार लघवीला जावे लागणे किंवा बद्धकोष्ठ एवढ्याच तक्रारी असल्याने निदान लांबते. श्रोणीतील शिरा दबल्यास पायांवर सूज येते, क्वचित रक्ताची गुठळीही होते. मूत्राशयाच्या अस्तरात ग्रंथींसारखी वाढ होणारा दाह, ज्याला सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिस म्हणतात, या रुग्णांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. मूत्राशयाच्या अॅडिनोकार्सिनोमाशी (ग्रंथींसारख्या पेशींच्या कर्करोगाशी) त्याचा संबंध काही रुग्णांत नोंदला गेल्यामुळे दुर्बिणीने ठरावीक काळाने तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. ती तपासणीच इथे कठीण असते: मूत्राशयाचे तोंड उंच गेलेले आणि मूत्र बाहेर नेणारी नळी लांबलेली असल्याने ताठ दुर्बीण आत पोहोचेलच असे नाही, आणि लवचीक दुर्बीण वापरावी लागते.

चरबी शस्त्रक्रियेने काढून टाकणे वरकरणी सोपे वाटते, पण ती अवयवांना चिकटलेली व रक्तवाहिन्यांनी भरलेली असल्याने तिला वेगळे करण्याचा थरच सापडत नाही. म्हणून उपचारांचा भर मूत्रपिंडे वाचवण्यावर असतो. सुरुवातीला मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवतात, जो साधारणतः 3 ते 6 महिन्यांनी बदलावा लागतो. अडथळा वाढत राहिल्यास मूत्रवाहिन्या मूत्राशयाला नव्या जागी जोडतात किंवा मूत्राचा मार्गच पोटावरून वळवतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्यास रक्तात वाढणारा पदार्थ) वाढलेले असेल, तर सीटीसाठीचे औषध टाळून त्याविना एमआर युरोग्राफीने (एमआरआयवर काढलेल्या मूत्रमार्गाच्या चित्रांनी) मूत्रमार्ग पाहता येतो.