हेर्मानुस काँट्रॅक्टस

(१८ जुलै १०१३ – २४ सप्टेंबर १०५४). जर्मन बेनेडिक्टाइन संन्यासी, संगीतमीमांसक व रचनाकार. स्वाबियातील आल्ट्सहाउझेनच्या काउंट वोल्फराटचा हा मुलगा. ‘काँट्रॅक्टस’ म्हणजे अंग आखडलेला. त्याला आपले आपण कुशीवरही वळता येत नसे, बोलणेही अडखळत असे. कोणीतरी उचलून खुर्चीत बसवायचे आणि त्याने वाकड्या बोटांनी लिहायचे, असे त्याचा शिष्य बेर्टोल्ट सांगतो. त्याचे आयुष्य बोडेन सरोवरातील रायखेनाउ बेटावरच्या मठात गेले. तेथील मठाधिपती बेर्नो स्वतः संगीतशास्त्रावर लिहिणारा असल्याने हेर्मानला घरचेच वातावरण लाभले.

त्याच्या ‘मुसिका’ या ग्रंथात चतुर्थ (सा-म), पंचम (सा-प) आणि अष्टक (सा ते तार सा) या स्वरांतरांच्या प्रकारांवरून चर्चगायनातील आठ स्वरपद्धतींची मांडणी केली आहे. विचारपूर्वक रचना, नियमाने परीक्षण आणि नेटके गायन ही तिन्ही ज्याला साधतात तोच त्याच्या मते संगीतज्ञ. नुसत्या गळ्यावर विसंबणाऱ्यांची तो गय करीत नाही.

त्याची स्वरलिपी मात्र जगावेगळी आहे. तीत स्वर लिहायचाच नाही, आधीच्या स्वरापासूनचे अंतर लिहायचे. तोच स्वर पुन्हा आला तर ‘ई’, अर्धस्वराला ‘एस’, पूर्णस्वराला ‘टी’, षड्ज-मध्यम अंतराला ‘डी’, षड्ज-पंचम अंतराला ग्रीक डेल्टा. अक्षराखाली बिंदू असेल तर खाली उतरायचे. आपले शुद्ध सा-रे-ग-म या रीतीने ‘टी टी एस’ असे होईल, आणि म वरून थेट सा वर यायचे तर बिंदू दिलेला ‘डी’. अंतर नेमके कळते ही तिची खुबी. पण एक अक्षर चुकले की पुढची सगळी चाल सरकते. त्याच सुमारास इटलीत आरेझ्झोच्या ग्विदोने आखलेल्या रेषांवर स्वर मांडले. तेथे डोळ्यांना चढउतार आपोआप दिसतो, त्यामुळे ग्विदोची रीत टिकली यात नवल नाही.

आउग्सबुर्गची संत आफ्रा व रेगेन्सबुर्गचा संत वोल्फगांग यांच्या उत्सवांसाठी त्याने रचलेली उपासनागीते उपलब्ध आहेत. त्यांत आधारस्वर, पंचम व अष्टक यांवरचा भर सहज जाणवतो. शास्त्रकार रचनाकाराच्या मानगुटीवर बसला आहे असेही कधी वाटते. ‘साल्वे रेजिना’ आणि ‘आल्मा रेदेम्प्तोरिस मातेर’ ही मरियास्तोत्रे परंपरेने त्याच्या नावावर आहेत, परंतु अभ्यासकांना ते मान्य नाही. गोव्यातील कॅथलिक घरांत तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) शेवटी म्हटली जाते ती ‘साल्वे रेजिना’चीच कोंकणी प्रार्थना.

याशिवाय त्याने अ‍ॅस्ट्रोलेब (यंत्रराज) कसा बनवावा यावर लिहिले आणि ख्रिस्तजन्मापासून १०५४ पर्यंतचे इतिवृत्त रचले. ते पुढे बेर्टोल्टने चालू ठेवले. १८६३ मध्ये कॅथलिक चर्चने त्याच्या भक्तिपरंपरेला मान्यता दिली.