जप करताना शरीरात आणि मनात काय घडतं?

‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा समर्थ रामदासांच्या परंपरेतला तेरा अक्षरांचा मंत्र. घड्याळ समोर ठेवा आणि घाई न करता, नेहमीच्या आवाजात म्हणून पाहा. एका उच्छ्वासात तो सहज दोनदा बसतो. सहा-सात सेकंद श्वास बाहेर जात राहतो, मग दोन-तीन सेकंदांत तो परत भरून घेतला जातो. म्हणजे एका श्वासाचा फेरा झाला साधारण दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा श्वासांचा. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास मोजा, रोखा, लांबवा असं कुणी सांगितलेलं नसतं. तरी नुसत्या म्हणण्याने तो निम्म्यावर येतो.

या दहा सेकंदांना शरीरशास्त्रात महत्त्व आहे. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब जोखणारे मज्जातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाची गती कमी करतो. दाब उतरला की उलट. ही देवाणघेवाण तत्क्षणी होत नाही, थोडा उशीर लागतो. त्या उशिरामुळे रक्तदाबात सुमारे दर दहा सेकंदांनी एक बारीकशी लाट उठते. शास्त्रज्ञ तिला मेयर लहर म्हणतात. श्वासही त्याच चालीने पडू लागला, की दोन्ही लाटा एकमेकींना जोर देतात आणि दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. त्यात उच्छ्वास लांबला की हृदय मंद करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा अंमल वाढतो. जपानंतर छातीत जी स्वस्थता जाणवते, तिचा मोठा वाटा इथून येतो.

इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. त्यांचा अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा ‘ॐ मणि पद्मे’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला आणि एकदा लॅटिनमधली मेरीची प्रार्थना. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तरतरीत झाली. लॅटिन प्रार्थनेनेही तेच घडलं, हे मला फार मोलाचं वाटतं. अमुक अक्षरांच्या कंपनांनी पेशी बऱ्या होतात, तमुक मंत्राने आजार पळतो, अशा गोष्टी सर्रास सांगितल्या जातात. त्यांना आधार नाही, आणि जपाची थोरवी सांगायला त्यांची गरजही नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची.

अनुस्वाराबद्दल मात्र एक वेगळी गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘ॐ’ लांबवताना शेवटी ओठ मिटतात आणि नाद नाकातून घुमतो. नाकालगतच्या हाडांतल्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होत असतो. एरवी तो तिथे साचून राहतो. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की ओठ मिटून गुणगुणलं तर नाकातून बाहेर पडणारा हा वायू शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे पंधरापट होतो. नादामुळे पोकळ्यांतली हवा खेळती राहते. प्रयोगात साधं गुणगुणणं होतं, मंत्र नव्हता. पण ओंकाराच्या मकारात घडतं ते तेच.

आता मनाकडे येऊ. काळजी बहुतेक वेळा शब्दांत येते. ‘त्यांनी असं का म्हटलं’, ‘उद्या काय होईल’ ही वाक्यं आपण मनातल्या मनात बोलत असतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत गोष्टी क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात शब्द घोळवण्यासाठी एक वेगळी जागा आहे, आणि ती अगदी लहान आहे. माणूस एखादा शब्द सतत उच्चारत राहिला, तर त्याच वेळी दुसरे शब्द मनात घोळवणं त्याला जड जातं. जप तीच जागा अडवतो. इस्राएलमध्ये २०१५ साली झालेल्या एका अभ्यासात, ध्यानाचा कसलाही सराव नसलेल्या लोकांनी मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना हिब्रूतला ‘एक’ हा शब्द मनात पुन्हापुन्हा म्हटला. मेंदूच्या मोठ्या भागातली हालचाल मंदावली. त्यातही मन भटकत असताना जागं राहणारं जाळं विशेष शांत झालं.

माळेचं महत्त्व मला इथे कळतं. १०८ पर्यंतची मोजणी मनात करायची म्हटली, तर आकडेही शब्दच. तेही त्याच अरुंद जागेत घुसणार आणि मंत्राशी भांडणार. मधल्या बोटावर मणी आणि तो ओढणारा अंगठा, एवढ्यावर मोजणी हाताकडे जाते आणि जीभ मोकळी राहते. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, बोटाला लागला की न मोजताच कळतं, माळ पुरी झाली. तो ओलांडायचा नसतो, माळ फिरवून उलटं जायचं. त्या वळणावर भटकलेलं मनही जागं होतं.

परंपरेने जपाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: मोठ्याने म्हणायचा वाचिक, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा उपांशु, आणि नुसत्या मनातला मानस. मनुस्मृतीत उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. शरीराच्या बाजूने पाहिलं, तर श्वासाचा लाभ वाचिकात जास्त. मग मानस वरचढ कसा? वाचिक जप सवयीने आपोआप चालू लागतो. जीभ मंत्र म्हणत राहते आणि मन कधी निसटलं हे कळतही नाही. मानस जपाला असा आधार नाही. लक्ष सुटलं की जपच थांबतो. नव्या माणसाने म्हणूनच मोठ्याने, सावकाश सुरुवात करावी. सुरुवातीलाच डोळे मिटून मनातल्या मनात जप करू पाहणारे बहुधा झोपतात.

राहिला अर्थ. कोणताही शब्द भराभर शंभरदा म्हटला, तर काही वेळाने तो नुसता ध्वनी वाटू लागतो. हा अनुभव मानसशास्त्रात नोंदलेला आहे. जप करणाऱ्यांना ही कोरड पुरती ठाऊक असते. मंत्रांना अर्थच नसतो, असं म्हणणारा कौत्स, वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्कांच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथातही भेटतो. यास्क त्याला बजावतात, की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. योगसूत्रांत पतंजलींनी तर जप आणि अर्थ एकाच सूत्रात बांधले: ‘तज्जपस्तदर्थभावनम्’. त्याचा, म्हणजे ॐचा, जप आणि त्याच्या अर्थाचं चिंतन, दोन्ही बरोबर.

ते करायचं कसं, याचं उत्तर रामरक्षेच्या आरंभी आहे. ऋषी, छंद, देवता सांगून झाल्यावर लगेच स्तोत्र सुरू होत नाही. आधी ध्यानाचा श्लोक येतो. गुडघ्यांपर्यंत पोचणारे हात, हातांत धनुष्यबाण, पद्मासन, पिवळं वस्त्र, ताज्या कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे, डाव्या मांडीवर सीता. बॅडलींच्या मांडणीत शब्दांच्या जागेशेजारी चित्रांसाठी दुसरी जागा आहे. ध्यानाचा श्लोक ती भरून टाकतो. जीभ नामात आणि मनाची नजर रूपात गुंतली, की काळजीला शिरायला वाव उरत नाही आणि नामही पोकळ ध्वनी होत नाही. जप कोरडा वाटू लागला तर वेग वाढवून माळ उरकू नये. माळ तिथेच धरून ध्यानाचा श्लोक पुन्हा सावकाश म्हणावा, आणि मग पुढचा मणी ओढावा.