"आज ह्याचा हात लागलाय": खरं की भास?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एनबीएचे (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) तीन-चार वेडे आहेत, सकाळी सकाळी चहा घेत मॅच बघणारे. परवा त्यातल्या एकाने क्ले थॉम्पसनचा जुना व्हिडिओ टाकला, २३ जानेवारी २०१५ चा. सॅक्रामेंटोविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे फक्त १२ मिनिटांत, गड्याने ३७ पॉइंट केले. १३ शॉट मारले, १३ च्या १३ आत. खाली लगेच वाद सुरू. एक म्हणतो हात लागला होता त्याचा, डोळे मिटून टाकला असता तरी गेला असता. दुसरा (एमबीए झालाय, त्याला सगळंच माहीत असतं) म्हणतो हॉट हँड (म्हणजे हात लागणं, सलग शॉट गेले की पुढचाही जायचा चान्स वाढणं) वगैरे काही नसतं, सायन्सने केव्हाच सिद्ध केलंय, नुसतं लक. मी मधे पडलो आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या.

एमबीएवाला म्हणत होता ते सायन्स १९८५ चं. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की या तिघा मानसशास्त्रज्ञांनी आधी १०० फॅन्सना विचारलं, तर ९१ जण म्हणाले की दोन-तीन शॉट सलग गेले की पुढचा जायचा चान्स वाढतो. मग त्यांनी फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या टीमचे १९८०-८१ च्या सीझनचे आकडे काढले. सलग तीन शॉट गेल्यावर पुढचा जायचं प्रमाण ४६ टक्के, आणि सलग तीन चुकल्यावर ५६! म्हणजे उलटंच. आता यात एक गोची आहे, हात लागलेल्या माणसाला समोरची टीम जास्त चिकटते आणि तोही चेकाळून लांबून मारायला लागतो, त्यामुळे शॉटच अवघड होतात. म्हणून त्यांनी कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या २६ खेळाडूंना घेतलं, अडवायला कोणी नाही, ज्याला जिथून साधारण निम्मे शॉट जमतात तिथून प्रत्येकी १०० शॉट मारायला लावले. तिथेही सलग तीन गेल्यावर आणि सलग तीन चुकल्यावर यात सरासरी फरक जेमतेम ३ टक्क्यांचा. निष्कर्ष काय, तर हॉट हँड हा डोक्यातला भास. बोस्टन सेल्टिक्स या टीमचा बॉस रेड ऑरबाख, त्याने तर हे ऐकून अभ्यास केलाय तर केलाय, मला काय त्याचं अशा थाटात झटकून टाकलं. पुढची तीस वर्षं लोक त्याला हसत होते.

मग २०१५ च्या सुमारास जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सॅन्हुर्हो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की हिशोबातच एक भोक आहे. हे भोक मला इतकं आवडतं की मी ते भेटेल त्याला सांगत सुटतो, लग्नाच्या पंगतीत पण सांगितलंय. कागद-पेन घ्याच, तोंडी नाही जमणार.

नाणं तीनदा उडवा. आठ प्रकारच्या ओळी पडू शकतात. प्रत्येक ओळीत एवढंच बघायचं, छाप्याच्या लगेच पुढे काय पडलं. छापा-छापा-छापा : छाप्यानंतरचे चान्स दोन, दोन्ही वेळा छापा, म्हणजे १०० टक्के. छापा-छापा-काटा : दोन चान्स, एकदा छापा, ५० टक्के. छापा-काटा-छापा : एकच चान्स, पडला काटा, शून्य (शेवटच्या छाप्यापुढे ओळच संपते). छापा-काटा-काटा : शून्य. काटा-छापा-छापा : १००. काटा-छापा-काटा : शून्य. उरलेल्या दोन, काटा-काटा-छापा आणि काटा-काटा-काटा, यात छाप्यापुढे काही पडतच नाही, त्या बाद. आता सहा ओळींची सरासरी काढा. २५० भागिले ६, म्हणजे जेमतेम ४२ टक्के!

नाणं तर अगदी सरळ आहे, मग ५० का नाही आलं? कारण तीन छापेवाल्या ओळीत दोन चान्स होते आणि दोन्ही वेळा छापा, पण सरासरीत तिची किंमत धरली एकाच ओळीची, एकच चान्स मिळालेल्या ओळीइतकीच. छापे जिथे गर्दी करतात तिथेच त्यांचं वजन कमी होतं. ओळी विसरा आणि सगळे चान्स एका ढिगात टाका, आठ चान्स, चार छापे, आले बरोबर ५० टक्के. (हाच घोळ कस्टमर केअरमध्ये पण होतो. दोन कॉल घेणारा आणि दोनशे घेणारा, दोघांचं रेटिंग सारख्याच वजनाने धरून टीमची सरासरी काढली की जो आकडा येतो तो ग्राहकांना खरंच कसं वागवलं हे सांगत नाही.)

१०० शॉटच्या ओळीतही हीच चोरी होते, थोडी कमी. नाणं १०० वेळा उडवलं तर तीन छाप्यांनंतर छापा येण्याचं प्रमाण सरासरी ४६ टक्के दिसतं, तीन काट्यांनंतर ५४. म्हणजे अजिबात हात न लागणाऱ्या खेळाडूचा फरक उणे ८ यायला हवा होता, आणि कॉर्नेलमध्ये आला होता अधिक ३. दोन्ही धरले तर ११ टक्क्यांच्या आसपास, आणि बास्केटबॉलमध्ये एवढा फरक म्हणजे खूपच झाला. पुरावा त्यांच्या स्वतःच्याच आकड्यांत पडून होता की राव.

पण लगेच मटकावाल्यांनी आणि बेटिंग अ‍ॅपवाल्यांनी खुश होऊ नका. खेळाडूला खांदा असतो, मनगट असतं, झोप झालेली असते नाहीतर नसते, एकदा लय सापडली की ती काही वेळ टिकू शकते. आकडा काढणाऱ्या मशीनला मनगट नसतं. "काल तीनदा लागला म्हणजे आज पण लागणार" आणि "एवढ्या वेळा नाही लागला म्हणजे आता येणारच", दोन्ही सारखेच खुळे, मग बोटात कुठलाही खडा घाला.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. एमबीएवाला म्हणाला, थांब, करून बघतो. पाच मिनिटांनी फोटो आला, टेबलावर नाणं आणि खाली लिहिलेलं, काटा, काटा, काटा. आता ही ओळ मोजायचीच नसते हे त्याला परत समजावतोय.